कळल्यानंतरचे आठ महिने

लहान मुलांच्या डॉक्टरकडे येणारा पेशंट स्वतःबद्दल काही सांगत नाही. सांगते ती त्याची आई, आणि तिच्या मागे उभी राहून आजी तिला दुरुस्त करत असते. आई म्हणते, दोन दिवस ताप आहे. आजी म्हणते, "कुठलं दोन? आयतवारपासनं अंग कढत हाय." त्यातून तापाचा खरा दिवस शोधून काढणं हा आमच्या कामाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे रडणाऱ्या पोराच्या पोटावर हात ठेवून, दोन हुंदक्यांच्या मधे ते मऊ आहे की ताठ हे ओळखणं. पलूसला मी एकतीस वर्षं हेच केलं. माहेर माझं वाईचं, लग्नानंतर इकडची झाले. एस.टी. स्टँडच्या मागच्या रस्त्याला आमचं दहा खाटांचं हॉस्पिटल होतं. गेल्या वर्षी ते बंद केलं.

एकतीस वर्षांत गमती पुष्कळ झाल्या. तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या नातवानं नाकात बेदाणा घातला होता. आत भिजून तो चांगला टरारून फुगला आणि घरात चार दिवस सर्दीचं औषध चाललं होतं. मी चिमट्यानं तो बाहेर काढला, तर आजोबांनी तळहातावर घेऊन उजेडाकडं धरला, नीट पाहिला आणि म्हणाले, "आमच्या बागंतला न्हाई ह्यो. आमचा लांबट असतोय."

अशा गोष्टी मी हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत खूप सांगितल्या आहेत. अश्विनीची गोष्ट मात्र कुठं सांगितली नाही. तिच्यात माझं काही चांगलं दिसत नाही.

अश्विनी माझ्याकडं आली तेव्हा तीन वर्षांची होती. गाव पलूसपासून सात-आठ किलोमीटरवर, कृष्णेच्या अंगाला. वडील फौजेत, तेव्हा कुठंतरी आसामात. घरी आई वंदना, थोरला भाऊ आणि आजोबा. आजोबाही फौजेतलेच, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सारं गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं, घरात ते आण्णा. आठवडाभर आधी घरात सगळ्यांना सर्दी होऊन गेली होती. बाकीचे बरे झाले आणि पोरीला ताप भरला. गावातल्या डॉक्टरांचं औषध चार दिवस झालं, पाचव्या दिवशी ते माझ्याकडं आले.

"उतरतोय, पर पुन्ना चढतोय," वंदना म्हणाली. "आन् काय खाईना बघा. पाणी दिलं तरी तोंड फिरीवती."

पोरीचे डोळे लाल होते, पण चिपडं नव्हती. ओठ लालभडक, चिरलेले. जीभ तांबडी, वर दाणे. मानेत एका बाजूला गाठ. मी तिला दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोटावर पुरळ उठलं, तळपाय सुजले. आज हे लिहितानासुद्धा मला प्रश्न पडतो की एवढं सगळं समोर मांडून ठेवल्यावर मी काय बघत होते. पण तेव्हा मी प्रत्येक खुणेला वेगळं कारण दिलं. डोळे तापानं लाल. गाठ टॉन्सिलची. ओठ उष्णतेनं. पुरळ मी बदललेल्या अँटिबायोटिकचं. सुजलेले पाय सलाईनमुळे. एकेक कारण पटण्यासारखं होतं. सगळी मिळून एकच गोष्ट असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

आमच्या इंदू सिस्टरच्या डोक्यात काहीतरी आलं होतं. ती माझ्याकडं पहिल्या दिवसापासून होती. ती म्हणाली, "मॅडम, ही पोरगी अशी का रडत्या? भूक नाही, शी-शू नाही, आईच्या मांडीवरसुद्धा तिला बरं वाटेना. असं रडणं मी ऐकलं नाही."

"आजारी आहे ती, रडणारच," मी म्हणाले.

बाराव्या दिवशी ताप आपोआप गेला. मी तिसरं अँटिबायोटिक सुरू केलं होतं, त्यामुळं श्रेय मला मिळालं आणि मी ते घेतलं. सुभेदार पेढे घेऊन आले. केबिनच्या दारात ताठ उभे राहिले आणि मला चक्क सॅल्यूट ठोकला. "बाई, पोरगी तुमी परत दिली," म्हणाले. मी अगदी फुलून गेले होते.

आठवड्यानं वंदना तिला परत घेऊन आली. पोरगी खेळती, हसरी. पण हातापायाच्या बोटांची टोकं सोलवटत होती. नखांच्या कडेपासून कातडी सुटून पातळ पापुद्रे निघत होते.

"सालं निघाल्यात, मॅडम. दुखत न्हाई म्हणती."

"तापानंतर होतं असं," मी म्हणाले. लावायला मलम दिलं आणि जीवनसत्त्वाचं औषध लिहून दिलं. तो माझा शेवटचा मोका होता आणि मला तो मोका आहे हेच माहीत नव्हतं.

तो कावासाकीचा आजार होता. आमच्या पुस्तकात तो होता, मी परीक्षेपुरता वाचलाही होता, पण नाव जपानी म्हणून आजारही तिकडचाच असं मनानं धरलं होतं. तो इथंही होतो. साधारण असं होतं की एखादा साधा विषाणू येऊन जातो, सर्दी-खोकल्यासारखा. बहुतेक मुलं बरी होतात. पण एखाद्या मुलाच्या शरीराची लढाई शत्रू गेल्यावरही थांबत नाही. ते आपल्याच रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर तुटून पडतं. डोळे, ओठ, कातडी लाल होतात ते त्यामुळं. ते सगळं भरून येतं. भीती असते ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांची. त्यांची भिंत सुजते, कमजोर होते आणि काही मुलांत तिथं फुगा येतो, झिजलेल्या टायरमधून सायकलची ट्यूब बाहेर येते तसा. त्या फुग्यात रक्त रेंगाळतं, गोठतं आणि मग कधीतरी, वर्षांनंतरसुद्धा, वाट बंद होऊ शकते. नेमका कोणता विषाणू, आणि त्याच मुलाला का, हे अजून कुणाला खात्रीनं सांगता येत नाही. पण उपाय आहे. दान केलेल्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं शिरेतून द्यायची. ती दहा दिवसांच्या आत दिली तर फुगा येण्याचा धोका पुष्कळ कमी होतो. आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे एको, करून वाहिन्या बघायच्या. अश्विनी माझ्याकडं पाचव्या दिवशी आली होती.

वर्षं गेली. सुभेदार दरवर्षी गुऱ्हाळ लागलं की गुळाची ढेप पाठवायचे. "ही नातीची," असा निरोप असायचा.

मग कोरोना आला. पहिल्या लाटेत मुलांना फारसं काही झालं नाही म्हणून आम्ही मुलांचे डॉक्टर जरा निश्चिंत होतो. दुसऱ्या लाटेनंतर, घरातली माणसं बरी होऊन तीन-चार आठवडे झाल्यावर, मुलं यायला लागली. जोराचा ताप, पोटात दुखणं, लाल डोळे, पुरळ, आणि रक्तदाब घसरत चाललेला. आधी त्यांना स्वतःला कोरोना झाल्याचं कुणाच्या ध्यानातही आलेलं नसायचं. शेजारच्या गावची एक सात वर्षांची मुलगी अपेंडिक्सच्या संशयानं माझ्याकडं आणली होती. तिचे डोळे बघून मी थांबले, आणि ऑपरेशनची तयारी करण्याऐवजी तिला सांगलीला मोठ्या हॉस्पिटलात पाठवली. ती वाचली. त्या दिवसांत अशी सात मुलं मी वेळेत ओळखली. गावातल्या एका मंडळानं शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कारही केला.

या नव्या आजारावर आमच्या डॉक्टरांची व्याख्यानं मोबाईलवर व्हायची. जूनमधल्या एका दुपारी, ओ.पी.डी. आटोपल्यावर, मी केबिनमध्ये असंच एक व्याख्यान लावून बसले होते. इंदू सिस्टर शेजारी फाईली लावत होती. बोलणारे डॉक्टर म्हणाले, हा आजार कावासाकीचा चुलतभाऊ आहे, तेव्हा आधी कावासाकी नीट ओळखायला शिका. आणि त्यांनी फोटो दाखवले. लाल डोळे, चिपडं नाहीत. चिरलेले ओठ. दाणेदार जीभ. शेवटचा फोटो एका लहान हाताचा होता, बोटांच्या टोकांची सालं निघालेला.

इंदू सिस्टर वाकून बघत होती. ती म्हणाली, "ही आपली सुभेदारांची नात की हो."

मला तिच्या आधीच कळलं होतं. मी म्हणाले, "तसं दिसतंय खरं," आणि मोबाईल पालथा ठेवला.

इथून पुढचं लिहायला मला जड जातं. चुकणं मी समजू शकते. तीस वर्षांत चुका झाल्या, काही मलाही माहीत नसतील. पण त्या दुपारनंतर मी अडाणी राहिले नव्हते. सुभेदारांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. "नातीला घेऊन या, एक तपासणी करायची आहे," एवढंच बोलायचं होतं. मी केलं नाही. आधी म्हणाले, लाट ओसरू दे. मग म्हणाले, पंधरा वर्षांत काही झालं नाही, म्हणजे वाहिन्या चांगल्याच असणार. मग म्हणाले, जुना केसपेपर सापडू दे, आणि पेपर तर कधीच रद्दीत गेलेला, हे मलाच ठाऊक होतं. इंदू सिस्टरनं दोनदा आठवण केली. दुसऱ्या वेळी मी तिच्यावर खेकसले. त्यानंतर ती काही बोलली नाही. खरं कारण मला माहीत होतं. त्या दारात सॅल्यूट करणाऱ्या माणसाला मला सांगायचं नव्हतं.

डिसेंबरात गूळ आला. घेऊन आलेल्या गड्याला मी विचारलं, "नात कशी आहे रे?"

"लय भारी, मॅडम," तो म्हणाला. "पोलीस भरतीची तयारी करत्या. रोज सकाळी मैदानावर पळत्या. सुभेदार घड्याळ लावून उभं असत्यात."

त्या मुलीच्या छातीत काय असू शकतं हे त्या मैदानावर कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तरी मी काय म्हणाले? "शाब्बास," म्हणाले. ढेप आत नेऊन ठेवली.

फेब्रुवारीत, आठशे मीटरची शेवटची फेरी संपता संपता, अश्विनी मैदानावर खाली बसली. छाती दाबून धरली होती. डावा हात जड झाला म्हणाली. अठरा वर्षांची पोरगी, कुणाला काय सुचणार? पित्त असेल म्हणून लिंबू-सरबत दिलं. दुसऱ्या दिवशी चालतानाही दुखायला लागलं तेव्हा सांगलीला नेलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरांचा मला फोन आला.

"मॅडम, एक मुलगी आहे आमच्याकडं. हार्ट अटॅक येऊन गेलाय. अँजिओग्राफीत डाव्या वाहिनीला मोठा फुगा दिसतोय, आत गुठळी. हिला लहानपणी लांबलेला ताप आला होता का? घरचे तुमचं नाव सांगतात."

"हो."

"कावासाकी असणार. तेव्हा लक्षात आलं नसेल."

"तेव्हा नाही," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सांगलीला गेले. वॉर्डाच्या दारात सुभेदार होते. मला बघून घाईनं उठले. "बाई, तुमी कशाला तरास घेतला एवढा?" म्हणाले, आणि शेजारच्या पेशंटच्या माणसांना सांगायला लागले, "ह्यांनीच वाचवली व्हती बरं का आमची पोरगी, लहानपणी."

मी त्यांना आत बोलावलं. अश्विनी उशीला टेकून बसली होती. केस बारीक कापलेले, खांदे रुंद, पळणाऱ्या मुलीचे. वंदना पायाशी बसलेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. की तो ताप साधा नव्हता. की मला तो ओळखता आला नाही. वेळेत ओळखला असता तर औषध होतं, आणि हा फुगा बहुधा आला नसता. बोटांची सालं निघाली तेव्हाही ओळखायला हवा होता, तेव्हा मी मलम दिलं.

वंदनाला आधी समजलंच नाही. "पर ताप तर तुमीच उतरवला व्हता की, मॅडम," ती म्हणाली.

"नाही, वंदना. तो आपला आपण उतरला."

सुभेदार म्हणाले, "असूं द्या, बाई. माणूस हाय, चुकतंय. तुमी काय जाणूनबुजून केलं न्हाई."

मी मान डोलावली. तिथं मी निघून आले असते तर कदाचित आजही गूळ येत असता. पण अश्विनी माझ्याकडं बघत होती.

"मॅडम, तवा तुमाला म्हाईत न्हवतं. बरं," ती म्हणाली. "मग कळलं कवा? काल, डॉक्टरांचा फोन आला तवा?"

हो म्हणणं फार सोपं होतं. तो शब्द ओठावर आला होता.

"जूनमध्ये," मी म्हणाले.

"आता फेब्रुवारी हाय."

"हो."

"म्हंजे आण्णांनी गूळ धाडला तवा तुमाला म्हाईत व्हतं?"

"माहीत होतं. तू पळतेस हेही तेव्हा कळलं."

सुभेदार खाटेच्या कडेवर बसले. अश्विनीचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

"डिसेंबरात मला आठशे मीटरला साडेतीन मिंटं लागत व्हती," ती म्हणाली. "तीनच्या आत आणायची म्हणून मी दोन म्हैनं छाती फुटंस्तवर पळाले. मधी मधी दुखायचं. आण्णा म्हणायचं, दम धर, दम वाढंल. एक फोन करायचा व्हता, मॅडम. मी पळालेच नसते."

जून महिन्यात एको झाला असता तर फुगा तेव्हाही होता, तो मी नाहीसा करू शकले नसते. पण गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या असत्या, पळणं थांबलं असतं आणि अटॅकमध्ये हृदयाचा जो तुकडा निकामी झाला तो बहुधा वाचला असता. पंधरा वर्षांपूर्वीची चूक माझ्या न कळण्याची होती. हृदयाचा तो तुकडा गेला तो मात्र मला कळलेलं असताना.

ती वाचली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आता जन्मभर. पळणं बंद, जड उचलणं बंद, पुढं मूल व्हायचं तर आधी दहा डॉक्टरांना विचारायचं. भरती संपली. पलूसमध्ये तिनं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं आहे. पोरं-पोरी भरतीचे फॉर्म भरायला तिच्याकडंच येतात. गूळ त्या वर्षीपासून बंद झाला. सुभेदार बाजारात भेटले तर नमस्कार करतात, थांबत नाहीत.

त्यानंतर मी आणि इंदू सिस्टर चार रविवार बसलो. लांबलेल्या तापाची, लाल डोळ्यांची, सालं निघालेली आणखी कोणती मुलं आठवतात ते आठवून काढलं. नऊ नावं निघाली. काही पुण्याला गेलेली, एक लग्न होऊन कर्नाटकात. जी सापडली त्यांना मी स्वतः फोन केले. सहा जणांचे एको झाले, सगळे चांगले निघाले. आई-बापांनी माझे आभार मानले, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉस्पिटल बंद करायच्या आधीच्या महिन्यात एका सकाळी अश्विनी आली. तिच्या भावाचा दोन वर्षांचा मुलगा तिच्या वहिनीच्या कडेवर होता. ती स्वतः खुर्चीवर बसली नाही.

"चौथा दिवस हाय तापाचा," ती म्हणाली. "डोळं बघा, जीभ बघा, मान बघा. मग बोला."

मी सगळं बघितलं. दोनदा बघितलं. हातपाय बघितले, पोटावर हात ठेवला. पोर खुदकन हसलं.

"साधा व्हायरल ताप वाटतोय," मी म्हणाले.

"नक्की?"

एकतीस वर्षं या प्रश्नाला माझं एकच उत्तर होतं: काळजी करू नका.

"नक्की नाही सांगता येत," मी म्हणाले. "उद्या उतरला नाही तर सांगलीला एको करायला न्यायचा. मी आत्ताच तिथं सांगून ठेवते."

मी तिच्यासमोर फोन लावला, नाव, वय, तापाचा दिवस सांगितला. मी फोन ठेवेपर्यंत ती ऐकत उभी होती. मग वहिनीला म्हणाली, "चल."

दुसऱ्या दिवशी दुपारी मोबाईलवर निरोप आला: ताप उतरला. मी लिहिलं, 'तरी पंधरा दिवस बोटांकडं लक्ष ठेव.' तिचं उत्तर आलं, 'ते मला सांगायला नको.'

हे लिहायचं ठरवलं तेव्हा मी तिच्या दुकानात गेले. दोन मुली फोटो स्कॅन करून घेत होत्या. त्यांचं काम होईपर्यंत तिनं मला बाकावर बसवून ठेवलं. मी म्हणाले, तुझी गोष्ट लिहू का? नको म्हणालीस तर नाही लिहिणार.

तिनं समोरचा फॉर्म सेव्ह केला आणि खुर्ची माझ्याकडं वळवली.

"लिवा," ती म्हणाली. "नाव बदला. आन् आठ म्हैनं म्हणून लिवा. 'सांगायला थोडा उशीर झाला', असलं काय लिवू नका."